पाहुण्याचं वजन

मी वजनकाटे तपासते. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले. हातमोजे घालून प्रमाणित वजनं उचलायची, काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, शेरा लिहायचा. एकवीस वर्षं हेच काम. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातला एकही आकडा अंदाजाचा नाही.

ह्यांचं शिलाईचं दुकान घराच्या खालीच आहे. मशीनवर बसून बसून पोट सुटलं आणि गेल्या वर्षी हृदयाने नोटीस दिली. छातीत दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी रोज अर्धा तास हालचाल सांगितली, पण हे फिरायला जाईनात. चार पावलांत धाप लागायची, आणि ओळखीचं कुणीतरी थांबवून तब्येतीची चौकशी करायचं. "आजाराने नाही, पण ह्या चौकश्यांनी जाईन मी," म्हणायचे.

शेवटी ह्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, त्यांच्याकडचा व्हिडिओ गेमचा कन्सोल पाठवून दिला. त्यांनी त्यावर काही महिने व्यायाम केला होता, मग सोडून दिला होता. टीव्हीला जोडायचं एक यंत्र आणि जमिनीवर ठेवायची एक पांढरी फळी. फळीवर उभं राहिलं की ती वजन घेते, तोल बघते. टीव्हीतली बाई व्यायाम सांगते आणि पडद्यावर आपल्या नावाचा बाहुला आपल्यासारखं करतो.

पहिल्या सकाळी मी खोडीप्रमाणे आधी फळीच तपासली. दौऱ्यावर न्यायची प्रमाणित वजनांची पेटी घरी होती. वीस-वीस किलोची चार वजनं चढवली; पडद्यावर बरोबर ऐंशी. खेळण्याच्या मानाने फारच चोख. मग हे चढले. ब्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. पडद्यावरचा बाहुला झर्रकन गोलमटोल झाला.

"अब्रू काढायला घरातली माणसं होती की," हे म्हणाले, आणि हसले. कितीतरी दिवसांनी.

रोज सकाळी सात वाजता व्यायाम सुरू झाला. त्या बाईशी हे भांडायचे, तिची नक्कल करायचे, पण एकही दिवस चुकवत नव्हते. पंधरा दिवसांत वजन ऐंशीच्या खाली आलं. धाप कमी झाली. मी मनोमन ताईंचे आभार मानले.

तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी स्वतःला टेप लावली. माप घेणं हा तर ह्यांचा धंदा. कंबर साडेअडतीस. पोट, छाती, मांडी, सगळं पहिल्या दिवशी होतं तेवढंच. पँट बोटभरही सैल झाली नव्हती.

"मग गेलं कुठून?" हे म्हणाले. "डोक्यातून?"

मी हसले, पण दुसऱ्या दिवशी पेटी परत घरी आणली. चार वजनं ठेवली. ऐंशी. फळी चोख होती.

त्याच दिवशी मला पडद्यावर तो दुसरा बाहुला दिसला. ह्यांच्या बाहुल्याच्या मागे, जरा बाजूला. करडा. नाव नाही, नाक-डोळे नाहीत. नावाच्या जागी नुसतं 'पाहुणा'. ताईंच्या वेळचा राहिला असेल म्हणून मी त्याची नोंद उघडली. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. ह्यांचं त्या सकाळचं वजन एकोणऐंशी पाचशे. बेरीज करायला मला कागद लागला नाही : पहिल्या दिवसाचे ब्याऐंशी सहाशे.

नोंदीत वेळाही होत्या. रोज अकरा ते साडेअकरा. त्या वेळी हे दुकानात असतात, मी प्रयोगशाळेत असते आणि घराला कुलूप असतं.

मी पाहुण्याला पुसून टाकलं. दुसऱ्या सकाळी तो जागेवर होता. तीन किलो तीनशे. हे एकोणऐंशी तीनशे.

मी ताईंना फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग पाहुण्याचं विचारलं.

"किती झालाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"माझ्या वेळी दोन किलोवर होता तेव्हाच मी त्याला पुसून सगळं बंद केलं," त्या म्हणाल्या. "मशीनच बिघडलंय असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तसं नसतं वाटलं तर माझ्या भावाला दिलं असतं का मी?"

मी ह्यांना बंद करा म्हटलं. पाहुण्याचंही सांगितलं. ह्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की आकडे तुझं क्षेत्र, पण जिना मी चढतो. ते खरं होतं. आता हे दुकानातून वर येताना गुणगुणत यायचे. पावलं मात्र ऐकू येत नव्हती. दाराशी आले की एकदम गुणगुणणंच कानावर पडायचं. पुढे पुढे दिवसाला किलो-किलो वजन उतरू लागलं. सकाळी अंथरूण आवरताना माझ्या बाजूला गादी दबलेली असायची. ह्यांच्या बाजूला नाही.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टर हृदयाच्या आलेखावर खूष झाले. नर्सने ह्यांचं वजन तीनदा घेतलं, समोर उभ्या माणसाकडे पाहिलं आणि काटा बिघडलाय म्हणाली. तो काटा तपासणीसाठी आमच्याकडेच आला. माझ्याच टेबलावर. मी दोन तास तपासला आणि शेरा लिहिला : काटा अचूक.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली, ह्यांना न सांगता. हे दुकानात गेल्यावर मी परत वर आले, टीव्हीचं आणि कन्सोलचं बटण भिंतीवरून बंद केलं आणि खुर्ची ओढून फळीसमोर बसले. भर उजेडाची वेळ. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

अकरा वाजले.

फळीचा निळा दिवा लागला.

फळी चटईवर होती. तिचे डावीकडचे दोन रबरी पाय चटईत रुतले. मग उजवीकडचे दोन. परत डावीकडचे. संथ, वजन तोलत. नवीन चालायला शिकणाऱ्याची असते तशी ती लय होती.

मी उठून टीव्हीचं बटण लावलं. कन्सोलचं लावलं नाही.

तरी चित्र आलं. करडा बाहुला व्यायाम करत होता. कोपऱ्यात आकडा होता : चौतीस किलो दोनशे.

त्याने पाय थांबवला.

चटईतले चारही ठसे सारखे झाले.

खाली शिलाई मशीन बंद पडलं.

मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. हे मशीनवर डोकं टेकून बसले होते. मी खांदा हलवला तर मान वर करून हसले. जरा डोळा लागला, म्हणाले. मी सगळं सांगितलं. ह्यांनी सुईत दोरा ओवत ऐकलं.

"मला ठाऊक आहे," हे म्हणाले. "फळीवर उभा राहिलो की कुणीतरी हात पुढे केल्यासारखं वाटतं. छातीवरचं ओझं उतरतं. अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटतंय. कुणी उचलून नेत असेल, तर नेऊ दे की."

त्यानंतर मी ह्यांना विचारलं नाही. फळीचे हातोडीने तुकडे केले आणि कन्सोल भंगारात घातला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलले. वजन तिथेच थांबलं. गेलेलं परत आलं नाही. तब्येत मात्र ठणठणीत आहे. डॉक्टर ह्यांचं उदाहरण इतरांना देतात.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. मी गाडी लावत होते, हे पुढे झाले. रुग्णालयाला आपोआप उघडणारं काचेचं दार आहे. मी आले तेव्हा हे त्या दारासमोर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घेऊन, शांतपणे. दार बंद होतं.

"तू ये," हे म्हणाले. "माझ्यासाठी उघडत नाही ते हल्ली."

मी पुढे झाले. दार उघडलं. ह्यांचा दंड धरून मी आत शिरले आणि दार आमच्यामागे मिटलं.

मग ते पुन्हा उघडलं, आणि कुणी सावकाश आत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ उघडं राहिलं.