अण्णांचा आकडा

कोपर दारावर आपटलं की आपण आधी काय करतो? चोळतो. पण चोळल्यावर दुखणं कमी का होतं, विचारलंय कधी?

शाल्मलीने विचारलं. डॉक्टर मुकादमबाईंनी तेव्हा तिच्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या पाठीत दोन बारीक तारा नुकत्याच बसवल्या होत्या. अण्णांनी अख्ख्या वाडीला विहिरीत पोहायला शिकवलेलं. पाच वर्षांपूर्वी ते पायरीवरून घसरले आणि तेव्हापासून त्यांचा पाय ठणकायचा. शाल्मलीच तेवढी पोहायला शिकायची राहिली होती.

"दुखण्याचा निरोप नसेतून मज्जारज्जूत (पाठीच्या कण्यातला नसांचा जाड दोर) येतो," बाई म्हणाल्या. "तिथे जणू एक दार असतं. चोळण्याचे निरोपही तिथेच येतात. त्यांची गर्दी झाली, की दुखण्याला आत शिरायला वाट मिळत नाही. या तारा सौम्य वीज सोडतात, म्हणजे आतूनच चोळतात म्हण ना! सात दिवस बघू. फरक पडला तर छोटं यंत्र कायमचं बसवू. नाहीतर तारा काढू."

अण्णांच्या कमरेच्या पट्ट्यावर त्या तारांना जोडलेली एक बोलकी डबी होती. ती अधूनमधून विचारायची, "दुखणं किती? शून्य ते दहा." उत्तर ऐकून वीज कमीजास्त करायची.

पण गंमत बघा, चौथ्या दिवशी दुखणं उलट वाढलं.

"काढून टाकू दे तारा," अण्णा म्हणाले. "आपल्याला नाही लाभायचं हे."

तेवढ्यात डबीने विचारलं. ओठ आवळून अण्णा म्हणाले, "बरंय."

"छान. वीज एक पायरी कमी करते."

शाल्मली उडालीच. "अण्णा! तिला खोटं काय सांगता?"

"खोटं कसलं? कुणी विचारलं की बरंय म्हणावं. उगाच समोरच्याला घोर कशाला?"

"तिला कसला घोर? डबी आहे ती! तिला खरंच वाटतं, तुम्ही बरे झालात."

अण्णा भिंतीकडे बघत पुटपुटले, "आठ."

पाच वर्षांत हा आकडा घरात कुणीच ऐकला नव्हता. शाल्मलीने त्यांचा हात धरला. डबीने वीज वाढवली.

सातव्या दिवशी आकडा तीनवर आला.

"शून्य का नाही?" शाल्मलीने विचारलं.

"दार पुरतं बंद होत नाही गं," बाई म्हणाल्या. "पण झोप लागते, चालता येतं. पुढची यंत्रं थेट नसांनाच विचारून घेतील. तोवर आपणच खरं सांगायचं."

यंत्र बसलं, जखम भरली. वैशाखात शाल्मली विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, कमरेला दोर बांधून.

"घाबरलीस?" शेजारी उभ्या अण्णांनी विचारलं.

"छे! बरंय."

"आकडा सांग."

तिने खाली हिरव्या पाण्याकडे पाहिलं. "...नऊ."

"मग आधी मी उतरतो," म्हणत अण्णा पाण्यात शिरले आणि त्यांनी दोन्ही हात तिच्याकडे वर केले.