झॅक्सवाला

खोटं वाटेल, पण त्या वाचनालयाचं छप्पर इतकं गळायचं, की ग्रंथपालमावशी पुस्तकांपेक्षा बादल्यांच्याच नोंदी जास्त ठेवत. तिथल्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी अक्षरांचे ठोकळे लावून इंग्रजी शब्द जुळवायचा डाव बसे. नियम मावशींचा, आणि कडक. शब्द लावला की अर्थ सांगायचा, वर उदाहरण द्यायचं. नाही जमलं तर ठोकळे उचला.

मावशींची भाची चष्म्याच्या दुकानात काम करायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगं चढवता चढवता ती शब्द पाठ करी. ‘आआ’ म्हणजे खडबडीत लाव्हा, ‘आय’ म्हणजे तीन बोटांचा आळशी प्राणी... असल्या चिमुकल्या शब्दांनी तिने निवृत्त पोस्टमास्तरांना इतक्यांदा लोळवलं होतं, की बिचारे स्वप्नातसुद्धा हरत.

एका गुरुवारी तिने ‘झॅक्स’ लावला. छपराच्या दगडी पाट्या कापायचं हत्यार, असा अर्थही सांगितला. उदाहरण मात्र सुचेना. पोस्टमास्तरांची कळी खुलली. तेवढ्यात छप्पर दुरुस्तीसाठी खिडकीबाहेर लावलेल्या शिडीवरून धुळीने माखलेला एक हात आत आला. हातात रुंद पात्याचं, पाठीला टोक असलेलं हत्यार.

“हे चालेल का, उदाहरण म्हणून?”

तिने वर पाहिलं... आणि गुण मोजायचेच विसरली.

छपराचं काम चार दिवसांचं होतं. लागले पाच आठवडे. एक पाटी बसवावी, तर शेजारची फुटे. दर गुरुवारी शिडी नेमकी त्याच खिडकीशी अडे. ‘आय’चा अर्थ कळल्यावर तो म्हणाला, “तीन बोटं असून आळशी? माझा मुकादम मला पाच बोटं असताना तेच म्हणतो.”

“मग संपवा की काम लवकर.”

“संपवू?”

ती ठोकळे चाळत बसली. छपरावर आणखी एक पाटी फुटली.

अखेर मुकादम स्वतः वर चढला आणि त्याने दोन दिवसांत सगळं उरकलं. शुक्रवारी सकाळी सगळी टोळी दूरच्या गावी निघणार होती. एका उंच मनोऱ्याचं, वर्षभराचं काम. चष्मेवालीला हे गुरुवारी, ऐन डावात कळलं. शब्दांचा तुटवडा तुला कधीपासून पडायला लागला गं, असं मावशींनी तिला हळूच विचारूनही घेतलं.

शेवटची खेळी आली. ती वीस गुणांनी मागे. बाहेर तो शिडीवरून शेवटचा दोर सोडवत होता. तिच्या हातात दोनच ठोकळे उरले होते, जे आणि ओ. तिने ‘जो’ असा शब्द करून ते तिप्पट गुणांच्या घरात ठेवले. सत्तावीस! पोस्टमास्तरांचा चेहरा पडला.

“अर्थ?” मावशी म्हणाल्या.

शेकडो शब्दांचे अर्थ पोपटासारखे सांगणाऱ्या त्या पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल. बोटं हळूहळू ठोकळ्यांकडे परत निघाली...

“उचलू नका,” खिडकीतून आवाज आला. “आठवडाभर शब्दकोश घेऊन छपरावर बसलोय. मला अर्थ ठाऊक आहे. पण ज्याने लावला, त्यानेच सांगायचा ना?”

“जिवलग,” ती पुटपुटली. “विलायतेतल्या एका जुन्या बोलीत... आपल्या माणसाला म्हणतात.”

“उदाहरण?” मावशींनी चष्मा सारखा केला. नियम म्हणजे नियम.

तिने बोट उचललं आणि सरळ शिडीकडे दाखवलं.

शिडीवरचा दोर खाली पडला. त्यापाठोपाठ तोही पडायचाच, पण खिडकीची चौकट हाताशी आली.

मनोऱ्याचं वर्षभराचं काम त्याने सात महिन्यांत संपवलं, आणि एकही पाटी फुटली नाही. आता तो मावशींचा भाचेजावई आहे. वाचनालयाच्या छपराच्या कोपऱ्यातली एक पाटी मात्र अजून दर गुरुवारी फुटते. खोटं वाटत असेल, तर जाऊन बादली बघून या.