कागदाकडे बघायचं नाही

हेडलीच्या घरी त्या दिवशी मी गेले ती फक्त एक चित्र काढायला. एका हातात काकवीच्या गोड पावांची पिशवी, कोटाच्या खिशात पेन्सिल. धुकं असं उतरलं होतं की बंदर नव्हतंच, नुसता भोंगा ऐकू येत होता, आणि भरदुपारी त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता.

आमच्या खेळाचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हेडली, त्याची बायको उना आणि मी, आम्ही दर गुरुवारी त्यांच्या टेबलाशी बसून एकमेकांची चित्रं काढायचो. चित्रकला तिघांपैकी एकालाही येत नव्हती, म्हणून उनाने ही पद्धत काढली. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, कागदाकडे बघायचं नाही आणि पेन्सिल उचलायची नाही. पुरं झालं की बघायचं आणि पोट धरून हसायचं. हेडलीचं नाक कानात शिरलेलं असायचं, माझी हनुवटी टोपीवर. मग जसं निघालं तसं, मागे नाव लिहून ज्याचं त्याला देऊन टाकायचं, फ्रिजवर लावायला. आणि ज्याला मिळालं त्याने उलट एक काढून द्यायचं, यात उना फार कडक होती. तिची स्वतःची रेघ मात्र कागदात कधी मावली नाही. कानापासून निघायची ती कागदावरून उतरून टेबलाच्या मेणकापडावर जायची.

ऑक्टोबरात उना गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात हेडली दोनदा पायरीवर घसरून पडला. त्या घरात आणखी एक हिवाळा एकट्याने काढला असता, तर त्याला उचलायला नाही, पोचवायलाच यावं लागलं असतं. म्हणून त्याची मुलगी ग्लेनिस त्याला आपल्याकडे दूर आल्बर्टाला न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

ग्लेनिस शेजाऱ्यांकडे निरोप घ्यायला गेली होती. खोक्यांच्या गर्दीत हेडली आपल्या खुर्चीत बसला होता, शेजारी उनाची खुर्ची.

"झाली का रे बांधाबांध?"

"ग्लेनिसने केली. मी जात नाही, मेल्वी."

"डोकं फिरलंय का? पोरीने तिकिटं काढलीयत."

"उना इथेच आहे." अगदी साध्या आवाजात म्हणाला, जणू ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. "ती विमानात बसेल? बाई जन्मात बोटीशिवाय कशात बसली नाही. मी गेलो की ती राहणार इथे... एकटी. चूलसुद्धा पेटलेली नसेल."

मला हसूही येईना आणि रागावताही येईना. उना मलाही बहिणीहून जवळची होती. मी कोट काढला आणि म्हटलं, "बरं, ते नंतर बघू. नीट बस, हलू नकोस."

पेन्सिल टेकवली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागले. चुलीत लाकूड तडकलं. भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. कपाळ, भुवई, दाढीचे खुंट, मग गळ्यावरून डाव्या खांद्याकडे. तिथून माझा हात खाली बाहीकडे जायला हवा होता. तो वर चढला. छोटा उंचवटा, खाली, पुन्हा उंचवटा... मी बघत होते त्याच्या खांद्याकडेच. तिथे जुन्या स्वेटरशिवाय काही नव्हतं. फक्त लोकर तेवढ्या जागी जरा दबलेली होती.

आणि पेपरमिंटचा वास आला. उनाच्या गालात दिवसभर पेपरमिंटची गोळी असायची.

"मेल्वी... तुझा हात काय करतोय?"

"हलू नकोस म्हटलं ना."

"मी नाही हललो..."

पेन्सिल आपली आपण थांबली. मी कागदाकडे बघितलं. हेडलीचं तोंड नेहमीसारखंच भोपळ्यासारखं वाकडं आलं होतं, एक डोळा कपाळावर. त्याच्या खांद्यावरचा हात मात्र अगदी सरळ होता. चार बोटं पुरी आणि करंगळी अर्धी. मासळीच्या कारखान्यात सुरीखाली गेलेली उनाची करंगळी. इतक्या वर्षांत मला ती एकदाही धड जमली नव्हती.

घाबरले, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त रडू आलं. डोळे पुसत मी कागद उलटा केला आणि नाताळच्या कार्डांवर, मुरंब्याच्या बरण्यांवर हाताला जी सवय लागली होती तिनेच लिहिलं, 'हेडली आणि उनाला, प्रेमाने.' काय लिहिलं ते लिहून झाल्यावर कळलं.

हेडलीने चित्र खूप वेळ बघितलं. मग आपला तळवा त्या खांद्यावर ठेवला.

"खांद्यावर बसून यायचं ठरवलंय वाटतं बाईने," तो म्हणाला. "खांद्याला वेगळं तिकीट पडत नाही."

"मग जाशील?"

"जातो. पण मेल्वी, चित्र तू दोघांना दिलंयस. आता दोघांनाही उलट द्यावं लागणार."

"तुझं राहू दे बाबा. तुझ्या थरथरत्या हाताने माझा बटाटा होईल."

सकाळी तो तोच स्वेटर घालून निघाला. गाडीत बसल्यावर दार त्याने लगेच लावून घेतलं नाही. जरा थांबला, मग लावलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचं पाकीट आलं. आत दोन चित्रं. एकात मी खरंच बटाटा होते. दुसरं एका सलग, न थरथरलेल्या रेघेचं, कानापासून निघून कागदाच्या काठावरून खाली उतरलेलं. त्यात मी माझ्या स्वयंपाकघरात बसले होते. हातात निळ्या दांड्याचा कप, जो मी हेडली गेल्यानंतर आणला होता. मी त्याला फोन लावला.

"ते दुसरं माझं नाही गं," तो हसत होता. "सकाळी उठलो तर टेबलावर होतं. रेघ ग्लेनिसच्या पांढऱ्या टेबलावर उतरलीय. बोलणी मी खाल्ली!"

मीही हसले, हसता हसता नाक पुसलं. उना त्या बंद घरात एकटी नव्हती. पोचली होती त्याच्याबरोबर.

"पण मेल्वी," हेडलीचा आवाज खाली आला, "तुझ्याकडे कोण आलंय?"

"कुठे?"

"चित्रात बघ. तुझ्या खुर्चीच्या पाठीवर... हात आहे."

मी बघितलं. हात होता. पाचही बोटं पुरी.

"मी एकटीच असते, हेडली."

तो हळूच म्हणाला, "उना कागदाकडे बघत नाही, मेल्वी... असेल तेच काढते."

चित्र मी फ्रिजवर लावलंय, आमच्या रीतीप्रमाणे. घरात कोणी आलेलं असताना चहा विचारला नाही तर उना मला फाडून खाईल. म्हणून गुरुवारी मी दोन कप भरते. दुसऱ्या कपाकडे मी बघत नाही. उठते तेव्हा तो रिकामा असतो.