अंगठा कुठे अडतो

"अरे, मारशील तिला!"

हे आपण मनात नाही, मोठ्याने बोललो, हे हेल्काला जरा उशिराच कळलं. तोवर ट्राममधली दहा-बारा डोकी मोबाइलमधून वर आली होती. तांपेरे गावातल्या ट्राममध्ये अनोळखी माणसाशी कोणी बोलत नाही. खिडकीकडच्या माणसाला उतरायचं असलं, तर तोसुद्धा नुसता पिशवी सावरतो आणि शेजारच्याने काय ते ओळखायचं असतं.

समोरच्या तरुणाने मान वर केली. त्याने लोकरी हातमोजे घातले होते आणि उजव्या मोज्याचा अंगठा कात्रीने कापून टाकलेला होता. तो उघडा, लालबुंद अंगठा हातात धरून खेळायच्या गेमच्या जॉयस्टिकवर रोवलेला होता. प्रेमकथेत म्हणे आधी डोळे दिसतात. हेल्काला आधी अंगठा दिसला, त्याला ती तरी काय करणार?

"कोणाला मारतोय मी?" त्याने विचारलं.

"जॉयस्टिकला. केवढा दाबतोयस! फिरवायची असते ती, खिळ्यासारखी ठोकायची नसते."

"माझी आहे. ठोकेन नाहीतर ओवाळेन."

"या वर्षातली कितवी?"

बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी चिकचिकीत काचेवर आपटत होतं. तेच बघत तो म्हणाला, "तिसरी... आणि हीसुद्धा गेल्यातच जमा आहे. बघ."

त्याने अंगठा उचलला. स्क्रीनवरचा छोटा तलवारवाला, कोणी काही न सांगता, डावीकडे चालत सुटला, आणि सावकाश जाऊन तळ्यात पडला.

दोघांनाही एकदम हसू फुटलं. पलीकडच्या बाईने पिशवी सावरली आणि उतरून गेली. ती तिथेच उतरणार होती की नाही, देव जाणे.

"काय काम करतोस?" हेल्काने विचारलं.

"हॉकीच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवतो. संध्याकाळी. का?"

"म्हणजे सकाळी मोकळा असतोस." हेल्काने एक श्वास घेतला. "तुझा अंगठा भाड्याने देशील?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग खिशातून काळ्या खारट गोळ्यांची डबी काढून त्याने तिच्यापुढे धरली. या गावात याचा अर्थ 'पुढे बोल' असाच होतो.

त्याचं नाव कास्पर.

हेल्का ज्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथे जॉयस्टिक किती टिकते हे तपासायचे. जॉयस्टिकच्या दांडीच्या बुडाशी कार्बनचा पातळ थर असतो आणि त्यावर धातूची एक इवलीशी पट्टी घासत राहते. थर झिजला, त्याची भुकटी सांडली, की दांडी सरळ उभी असतानाही यंत्राला वाटतं, मालक डावीकडे जा म्हणतोय. मग तलवारवाले तळ्यात पडतात. प्रयोगशाळेतलं जुनं, विकत आणलेलं यंत्र दांड्या गोल गोल, एकसारख्या, अगदी शिस्तीत फिरवायचं. त्यात सगळ्या पास व्हायच्या. आणि दुकानातून त्याच दांड्या झिजून परत यायच्या, त्याही एकाच बाजूने.

"माणूस असा गोल गोल फिरवतच नाही," हेल्का वरिष्ठांना, म्हणजे रायलीला, वर्षभर सांगत होती. "माणूस चिडतो, घाबरतो, दाबतो." शेवटी तिने स्वतःचं यंत्र बांधलं. खऱ्या अंगठ्याची हालचाल आणि जोर नोंदवून घ्यायचा आणि यंत्राच्या हाताने तसाच्या तसा पुन्हा करायचा. यंत्र तयार होतं, फक्त मनासारखा अंगठा मिळत नव्हता. प्रयोगशाळेतले सगळे जॉयस्टिकला इतकं हळुवार हाताळायचे, जशी काही तान्ही पोरंच.

कास्पर सकाळी येऊ लागला. छोट्या खोलीत बसून खेळायचा आणि त्याच्या अंगठ्याची रेघ शेजारच्या स्क्रीनवर धावायची. नोंदीची पट्टी त्याच्या अंगठ्याला हेल्का स्वतः बांधायची.

"घट्ट होतंय?"

"नाही."

"मग श्वास का रोखलायस?"

"सवय आहे," कास्पर म्हणायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे.

दहाच्या सुमारास हेल्का कॉफी आणि दालचिनीचे बन घेऊन आत यायची. मधूनच वायर बघायला यायची. वायरला काही झालेलं नसायचं. आत आल्यावर ती वायरीकडे, स्क्रीनच्या मागे, जमिनीकडे, सगळीकडे बघायची. फक्त त्याच्याकडे न बघण्याची काळजी घ्यायची. कारण सरळ होतं. तो तिला आवडायला लागला होता. ओठ मुडपून खेळणारा, हरला की "पुन्हा" एवढंच म्हणणारा, बनमधली अर्धी दालचिनी दाढीला लावून घेणारा. आणि नोंदी संपल्या की त्याला इथे यायचं काही कारण उरणार नव्हतं.

नोंदी संपल्या. यंत्र सुरू झालं. थोड्याच दिवसांत हेल्काने पहिली दांडी उघडून भिंगाखाली धरली आणि तिथल्या तिथे उडी मारली. थर डाव्या बाजूनेच खरवडला गेला होता, थेट दुकानातून परत आलेल्यांसारखा!

पण एक खोट होती. यंत्राचा हात चांगला जोरात चाललेला असायचा आणि मधेच... थबकायचा. थोडासा खाली घसरायचा. दोन-तीन श्वास तसाच राहायचा. मग काही झालंच नाही असा पुढे निघायचा.

रायली हात बांधून बघत राहिली. निवृत्तीला आलेली, उंच, आणि गोड बोलणं हा वेळेचा अपव्यय मानणारी बाई.

"हे काय?"

"माहीत नाही."

"माणसाचं आहे की यंत्राचं? माणसाचं असेल तर राहू दे. यंत्राचं असेल तर नोंद खोटी, आणि तुझं यंत्रही. शुक्रवारी दांड्या बनवणाऱ्या कंपनीला उत्तर द्यायचंय. कारण सापडलं नाही, तर जुन्या यंत्राचा निकाल जाईल."

म्हणजे या दांड्या पास होणार होत्या, आणि हेल्काचं वर्षभराचं यंत्र तळघरात जाणार होतं. तिने कास्परला फोन केला.

"खेळता खेळता तुझा अंगठा अडतो का रे?"

पलीकडे नुसती बर्फाच्या गाडीची घरघर.

"अडतो म्हणजे?"

"थबकतो. मधेच. कारण नसताना."

"...नाही. यंत्राचं काहीतरी असेल."

हेल्काने विश्वास ठेवला. तिने मोटर बदलली, वायरी बदलल्या, अख्खा हात खोलून पुन्हा जोडला. यंत्र पुन्हा थबकलं, त्याच जागी, तितकंच. गुरुवारी ती यंत्राखाली पाठीवर आडवी पडली होती, गालाला वंगण, डोळ्यांत पाणी. तेव्हा दारात कास्पर उभा राहिला. विसरलेला मोजा न्यायला आला होता म्हणे.

"काय करतेयस?"

"दोष शोधतेय. सापडत नाहीये." तिने मनगटाने डोळे पुसले. "उद्या हे सगळं तळघरात. तू म्हणालास ना, यंत्राचं आहे... तू खोटं कशाला सांगशील?"

कास्परने मोजा हातात पिळला आणि निघून गेला. हेल्काला त्याचा रागही आला नाही, नुसतं वाईट वाटलं. निदान 'येतो' तरी म्हणायचं होतं.

शुक्रवारी सकाळी ती आली, तर तो प्रयोगशाळेच्या पायरीवर बसला होता. दाढीवर बर्फाचे कण होते.

"यंत्राचं नाहीये," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"पट्टी बांध. दाखवतो."

"तोंडाने सांग ना!"

"तोंडाने सांगता आलं असतं तर फोनवरच नसतं का सांगितलं?" कास्पर कळवळून म्हणाला. "बांध. मग तू बाहेर जा आणि आत ये. एवढंच."

हेल्काने पट्टी बांधली. आज श्वास दोघांचाही रोखलेला होता. ती बाहेर गेली, दार लावलं, बोळातल्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि आत आली. सवयीने वायरीकडे बघणार, तोच तिने स्वतःला आवरलं आणि स्क्रीनकडे पाहिलं.

जोरात धावणारी रेघ थबकली. थोडीशी खाली घसरली. दोन-तीन श्वास तशीच राहिली.

तिने स्क्रीनवरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं. कास्पर खेळाकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि कान तर असे पेटले होते की त्यावर कॉफी उकळली असती.

"पुन्हा," हेल्का म्हणाली.

बाहेर. आत. रेघ थबकली.

"योगायोग असू शकतो," ती म्हणाली. आता तिला हसू आवरत नव्हतं. "दुसऱ्या कोणावर तपासायला हवं. रायली! जरा या खोलीत येतेस?"

रायली आली. दारात उभी राहिली, खोकली, खोलीभर एक फेरी मारली. रेघ आपली तुफान धावत होती, जरासुद्धा डगमगली नाही.

"मग?" रायली म्हणाली.

"आता बाहेर जा, आणि मी आत येते."

रेघ थबकली. रायलीने स्क्रीन बघितली, कास्परचे कान बघितले, हेल्काच्या गालावरचं कालचं वंगण बघितलं.

"मी काय घोडं मारलंय?" ती म्हणाली. मग तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार दिवस मोटर खोलत होतीस! माणसाचं आहे. नोंद खरी, यंत्र खरं, दांड्या नापास. कंपनीला मी कळवते." दारातून ती पुन्हा वळली. "आणि ते थबकणं काढून टाकू नकोस. लोक खेळत असतानाही कोणीतरी आत येतच असतं."

दार लागलं. खोलीत दोघंच उरले आणि गार झालेली कॉफी.

"काल सांगणार होतो," कास्पर अंगठ्यावरच्या पट्टीशी चाळा करत म्हणाला. "तुला तिथे खाली रडताना बघितलं आणि... तूच म्हणालीस, तू खोटं कशाला सांगशील. त्याच्यापुढे काय बोलणार? रात्रभर मैदानावर गाडी फिरवली. इतका गुळगुळीत बर्फ या गावाने बघितला नसेल." त्याने मान वर केली. "तुला वाईट वाटलं असेल, तर मी पुन्हा नाही येणार. पण वायरी बघायला यायचीस ना, त्याच्यासाठीच मी सकाळी उठायचो."

हेल्काने त्याच्या अंगठ्याची पट्टी सोडली, स्वतःच्या अंगठ्याला बांधली आणि त्याच्या खुर्चीत बसली.

"आता तू बाहेर जा," ती म्हणाली.

"का?"

"जा म्हणते ना!"

कास्पर गेला. हेल्काने खेळ सुरू केला. ती चांगली खेळायची, हळुवार, शिस्तीत, आणि तिची रेघ शांतपणे वर-खाली होऊ लागली. बोळात पावलं वाजली. दार उघडलं.

यावेळी ती वायरीकडे बघत नव्हती.

स्क्रीनवरची रेघ जिथल्या तिथे उभी राहिली. तलवारवाला चालता चालता थांबला, मग डावीकडे घसरत थेट तळ्यात गेला. रेघ काही हलेना. कास्पर दारातच उभा, एकदा स्क्रीनकडे, एकदा तिच्याकडे बघत.

"यंत्राचं काहीतरी असेल," तो हळूच म्हणाला.

"नाही," हेल्का म्हणाली. "यंत्र चांगलं आहे."