हळू ठोके

होडी निघाली ती एकाच कामासाठी. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवणारा बांध घालायचा होता आणि त्याचा पहिला खांब आज चाचणी म्हणून ठोकायचा होता. त्या आवाजाचा डॉल्फिनना त्रास होत नाही, असं निरीक्षकबाईंनी सांगितलं तरच बांधकामाला परवानगी! समुद्र खवळायचे दिवस दारात आलेले. आज जमलं नाही, तर बांध गेलाच पुढच्या वर्षावर.

निरीक्षकबाई म्हणजे सुकाणू धरून बसलेल्या मामांची सख्खी भाची. मामा तिला लाडाने 'दुर्बीण' म्हणत. या बांधासाठी तिच्याइतके देव कुणी पाण्यात घातले नसतील. तिचे बाबा याच तोंडाशी, घर समोर दिसत असताना बुडाले होते. तरीही परवानगीतली अट तिनेच घातली होती: आधी हळू ठोके द्यायचे, म्हणजे प्राणी आपणहून लांब जातील, मग जोराचे. बोलायला अट झकास होती.

खांब ठोकणाऱ्या तराफ्यावरून हळू ठोके सुरू झाले. बंदराच्या आत चार-पाच काळ्या पाठी वर आल्या, त्यांत एक पिल्लू. पळा रे बाबांनो, ती पुटपुटली. आणि ते पळाले की! पण समुद्राकडे जाणार कसे? आवाज तर तोंडाशीच होत होता. ते उलटे वळले आणि टेकडीमागच्या उथळ खाडीत घुसले. ओहोटी लागलेली! त्यांना वाचवायला घातलेल्या अटीनेच त्यांना कोंडलं होतं.

मामांनी होडी त्यांच्या मागे घातली. टेकडीच्या आड वायरलेस नुसता खरखरत होता. खाडीत गाळ वर यायला लागला होता, पिल्लू आईच्या अंगाला चिकटून गोल गोल फिरत होतं. आता जोराचे ठोके सुरू झाले, तर ही मंडळी बाहेर यायची नाहीत आणि चिखलातच मरतील. थांबायची खूण म्हणजे लाल धुराची कांडी. ती तराफ्यावरून दिसायला हवी, म्हणजे थेट तोंडाशी जायला हवं, जिथे लाटा फुटत होत्या तिथे.

"कांडी पेटवलीस तर चाचणी फसली, बरं का," मामा म्हणाले. "बांध गेला."

"माहीत आहे."

"तुझी आई काय म्हणेल?"

आई म्हणेल, माशांपायी बापाला विसरलीस. डॉल्फिन मासा नसतो, हे आईला सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिला रडू येत होतं. "चला, मामा," ती म्हणाली.

पहिली लाट आली. होडी उभी राहिली! मामांनी भाचीला खाली दाबलं. धाडकन होडीची पुढची नाळ आपटली, पाणी आत आलं, इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. होडी आडवी फिरली. मामा इंजिनची दोरी ओढत होते, शिव्या देत होते. पलीकडे पहिला जोराचा ठोका पडला. तिने कांडी घासली. ओली! पुन्हा घासली. दुसरी लाट डोक्यावर उभी होती. इंजिन घरघरलं, मामांनी नाळ फिरवली, आणि त्याच क्षणी तिच्या हातातून भस्सकन लाल धूर उठला.

ठोके थांबले.

मामा-भाची परत फिरून खाडीबाहेर बाजूला थांबले. बराच वेळ काहीच हललं नाही. तिला वाटलं, उशीर झाला. मग एक पाठ दिसली, मग दुसरी. सगळ्यांत शेवटी पिल्लू आलं, वाळूला पोट घासत, आणि आईमागे समुद्राकडे निघून गेलं.

"पुढच्या वर्षी आधी खाडीच्या तोंडाशी होडी उभी करायची," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि ठोके भरतीला. बांध तर हवाच आहे."

मामांनी होडी घराकडे वळवली.

"आईला मी सांगतो," ते म्हणाले. "बाप गेला तिथून पोर परत आली, एवढंच सांगतो. बाकीचं तिला जेवणं झाल्यावर सांगू."