दोनशे अठ्ठावीस बाइट

तळोज्याच्या रसायन कारखान्यात भावनाला नोकरी लागून चार महिने झाले होते. या चार महिन्यांत ऑफिसात बसून ती पहिल्यांदा खळखळून हसली, ती एका फाइलच्या बाविसाव्या ओळीमुळे.

२००७ सालचा ऑगस्ट चालू होता. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या मुलीला प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून तिला डिस्पॅच विभागात बसवलं होतं. तिथे नवीनच खूळ निघालं होतं. आजवर इथून माल निघाला की त्याचा कागद फॅक्सने पळस्प्याच्या कंटेनर यार्डात जायचा, तिथे कोणीतरी तो पुन्हा टाइप करायचं आणि पुढे जहाज कंपनीत तिसऱ्यांदा टाइप व्हायचा. तीन माणसं, तीन चुका. आता ही माहिती एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहून इंटरनेटवरून थेट पाठवायची होती. या पद्धतीत प्रत्येक आकड्याच्या आधी आणि नंतर त्याचं नाव लिहायचं – हे वजन, ही संख्या, ही तारीख – म्हणजे कुठलाही संगणक ते वाचू शकेल. भावनाला हे फार आवडलं. तिची आई गुणाबाई करंजा बंदरावर मासळी विकायची आणि कुठल्या झाकल्या टोपलीत काय आहे ते फक्त तिलाच ठाऊक असायचं. इथे प्रत्येक टोपलीवर नाव होतं, आणि ते नाव कसं लिहायचं याचे नियम जगभर सगळ्यांना खुले होते.

तिने पाठवलेली पहिली चाचणी फाइल यार्डातून परत आली. तिच्या बाविसाव्या ओळीत, संगणक वाचत नाही अशा खास खुणांच्या आत, कोणीतरी मराठीत लिहिलं होतं: "तुमचे चाळीस ड्रम आठ मार्चलाच पोचलेत म्हणे. पाच महिने झाले. मी सकाळपासून यार्डात शोधतोय."

भावनाने तारीख पाहिली. तिने तीन ऑगस्ट लिहिताना दिवस आधी टाकला होता, आणि पलीकडच्या संगणकाने तोच महिना धरला होता. प्रमाण पद्धत म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तिने चूक दुरुस्त केली आणि तसल्याच खुणांच्या आत लिहिलं: "सापडले तर कळवा. इथे अजून भरायचेत."

अशा खुणांमधल्या मजकुराला कॉमेंट म्हणतात. माणसाने माणसासाठी लिहायचं आणि यंत्राने ओलांडून जायचं. पुढच्या फाइलमध्ये उत्तर आलं. त्याच्या पुढच्या फाइलमध्ये तिने विचारलं की तुमच्याकडे पाऊस कसा आहे. "घोट्यापर्यंत," तो म्हणाला, "तुमच्याकडे?" तिने लिहिलं की शेजारी रंगाचा कारखाना आहे, त्यामुळे इथे डबकी पिवळी दिसतात. दुसऱ्या दिवशी चाळीस ड्रमच्या पोचेखाली एवढंच होतं: "मग तुमच्याकडे इंद्रधनुष्य घाऊक भावात मिळत असेल."

तिने ती फाइल मिटली आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडली. कामासाठीच… असं तिने स्वतःला सांगितलं.

नाव तिला तिसऱ्या आठवड्यात कळलं. दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून चाचणी घ्यायची ठरली आणि यार्डातून एकजण तळोज्याला आला. भावनाने मनात चष्मेवाला, पोट सुटलेला, पस्तिशीचा माणूस रंगवला होता. दारात उभा होता तो एक उंच, सावळा मुलगा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा. स्वतः भिजला होता, गठ्ठा कोरडा होता.

"तुम्हीच का ते, मार्च महिन्यात ड्रम शोधणारे?" तिने विचारलं.

"आणि तुम्ही न भरलेले ड्रम पाठवणाऱ्या." तो हसला तेव्हा त्याने मान किंचित खाली घातली. "अंकुश."

गठ्ठा म्हणजे एक्सएमएलची नियमावली होती. पनवेलच्या सायबर कॅफेत बसून, जसे पैसे येतील तशी दहा-दहा पानं त्याने छापून घेतली होती. तो कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतला. वडील देवजी वीटभट्टीवर जायचे, आणि तो आश्रमशाळेतून शिकत पुढे आला होता. या कामात त्याला इतकी गोडी का, असं भावनाने चहा पिताना विचारलं. 

"यात कुणाची परवानगी लागत नाही," तो म्हणाला. "नियम सगळ्यांसमोर टांगलेत. वाडीतला वाचो नाहीतर अमेरिकेतला, पान तेच. बाकी कुठे… असं नसतं."

 संध्याकाळपर्यंत दोघं एकाच कीबोर्डवर बसले होते, आणि दोघांचे हात एकदम एंटरकडे गेले की दोघेही एकदम मागे घेत होते. शेवटी एंटर कोणी दाबायचं यावर पाच मिनिटं गेली. विभागप्रमुख विनायक सर मागून जाताना म्हणाले, "दाबा बाबांनो, जहाज सुटेल."

एकमेकांचा फोन नंबर मात्र दोघांनी मागितला नाही. यार्डातला फोन साहेबांच्या टेबलावर होता. शिवाय कॉमेंटची सवय झाली होती. दिवसाला एक ओळ, आणि मग दिवसभर तिची चव. नंबर मागितला तर हा खेळ मोडेल असं तिला वाटे. त्यालाही तसंच वाटतं का, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

मग एका मंगळवारी विनायक सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीच्या गुजरातमधल्या दहेजच्या कारखान्यात हीच पद्धत सुरू करायची होती. ती जाईल का? पद वरचं, मुदत दोन वर्षं. पुढच्या मंगळवारी उत्तर हवं होतं.

भावना रात्रभर कूस बदलत राहिली. बुधवारी सकाळच्या फाइलमध्ये तिने लिहिलं: "मला दहेजला पाठवतायत, दोन वर्षांसाठी. मंगळवारपर्यंत सांगायचंय. तुम्हाला काय वाटतं?" पाठवताना तिचं बोट थांबलं… मग तिने डोळे मिटून एंटर दाबलं.

गुरुवारी फाइल आली. ड्रम साठ, सगळे पोचले. बाविसाव्या ओळीत काही नव्हतं. तिने फाइल वरून खाली वाचली, खालून वर वाचली. शुक्रवारीही काही नाही. शनिवारी तर फाइल उघडताना तिने आधीच ओठ आवळून घेतले होते. तिथेही नुसते ड्रमच.

रविवारी ती करंजाला घरी गेली. संध्याकाळी मायलेकी ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या. गुणाबाईच्या टोपात ढीग झाला, तरी भावनाच्या पुढ्यात चार-पाचच. म्हातारीने आडून आडून विचारलं आणि लेकीने आडून आडून सांगितलं. एकाला काही विचारलं होतं, त्याने उत्तर दिलं नाही, म्हणून आता दहेजला हो म्हणते.

"उत्तर नाय आला म्हंजे तो नाय म्हनला, आसा कोनी सांगला तुला?" गुणाबाईने विचारलं.

"आई, तीन दिवस झाले."

"तीन दिस. तुजा बापूस वादळात सात दिस नव्हता. मी काय कुकू पुसून बसलू?"

भावनाला हसूही आलं आणि रडूही. पण तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. उद्याचा एक दिवस, मग होकार.

सोमवारी विनायक सरांनी तिला एक कंटाळवाणं काम दिलं. गुरुवारपासून फायली यार्ड आणि कारखाना यांच्यात थेट जात नव्हत्या. मुंबईच्या एका कंपनीचा संगणक मध्ये बसवला होता; सगळे त्याच्याकडे फाइल देत आणि तो तपासून पुढे पाठवी. त्याने दिलेल्या पोचपावत्या पहिल्या आठवड्यापुरत्या पडताळून पाहायच्या होत्या. प्रत्येक पावतीवर दोन आकडे होते: किती बाइट – संगणकात मजकूर मोजायचं माप – आले, किती पुढे दिले.

शनिवार: फरक शून्य. शुक्रवार: शून्य. गुरुवार: आले दोन हजार नऊशे तेरा, दिले दोन हजार सहाशे पंच्याऐंशी.

भावना थबकली. फरक दोनशे अठ्ठावीस.

प्रयोगात वजन कमी भरलं तर ते कुठेतरी गेलेलं असतं, हवेत का होईना… एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ड्रम साठच होते, वजनं जुळत होती, तारीख बरोबर होती. मग यंत्राने फेकलं काय? तिने नियमावली उघडली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामने कॉमेंट पुढे दिल्या तरी चालेल, न दिल्या तरी चालेल. मधला संगणक प्रत्येक फाइल वाचायचा, कामाचं तेवढं घ्यायचा आणि नवी लिहायचा. कोणाचीच चूक नव्हती.

 तिने कागद ओढला. कॉमेंटच्या खुणा आणि नवी ओळ धरून फार तर दहा बाइट. उरले दोनशे अठरा. संगणकाच्या या सांकेतिक पद्धतीत मराठीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, काना आणि वेलांटीसुद्धा वेगळी धरून. 'जा' लिहायला सहा लागतात. 'नाही' लिहायला बारा. दोनशे अठरा म्हणजे सत्तरएक चिन्हं, पंधराएक शब्द.

नुसत्या नकाराला कोणी पंधरा शब्द लिहीत नाही. की लिहितं? सभ्य माणूस लिहील. अंकुश सभ्य होता. तिला कळेना, आणि कळल्याशिवाय आता एक घोट पाणीही उतरणार नव्हतं. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

रिक्षाने पळस्प्याला पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. पाऊस बारीक, भुरभुरता. यार्डात लाल-निळ्या कंटेनरच्या तीन-तीन मजली भिंती होत्या आणि त्यांच्या मधल्या चिखलाच्या गल्लीत अंकुश हातातल्या फळीवरच्या कागदावर नंबर टिपत उभा होता. तिला पाहून त्याने पेन खिशात ठेवलं. खिशाऐवजी ते चिखलात पडलं.

तिने काही म्हणायच्या आत तोच बोलला, कोरड्या आवाजात. दहेजला जाताय, चांगलं झालं, अभिनंदन. फाइल आपण वेळेवर पाठवू.

"गुरुवारी तुम्ही काय लिहिलं होतं?"

"ते राहू द्या. तुमचं उत्तर मला कळलं."

"मी उत्तरच दिलेलं नाही," भावना म्हणाली. "मला मिळालंच नाही ते. मधल्या संगणकाने गाळलं. दोनशे अठ्ठावीस बाइट. खुणा सोडून पंधराएक शब्द होतात. ते मला हवेत."

तो तिच्याकडे बघतच राहिला. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग डोळ्यांच्या कडेला हसू उमटलं आणि तिथेच अडखळलं.

"तुम्ही… मोजलंत?"

"दोनदा."

"तरी मी काल दोन तास उभा होतो," तो हळूच म्हणाला. "कुणी आलं नाही, तेव्हा वाटलं, ही नकार द्यायचीच रीत."

"शब्द, अंकुश."

त्याने इकडे तिकडे पाहिलं. क्रेन लांब होती. मान खाली घालून, शाळेत पाठांतर म्हणतात तसं त्याने म्हटलं, "जाऊ नको असं म्हणायचा मला हक्क नाही. रविवारी पाच वाजता वडाळे तळ्यावर ये. समोर सांगतो."

भावना ओढणीच्या आड बोटांवर शब्द मोजत होती. पंधरा भरले. पण आकड्यापेक्षा तिला त्यातलं 'ये' जास्त ऐकू आलं. इतके दिवस तो तिला तुम्ही म्हणत होता.

"समोर आहे," ती म्हणाली.

पाऊस कंटेनरच्या पत्र्यावर वाजत होता. 

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "दहेजला गेलीस तरी आवडशील. तिकीट काढावं लागेल, एवढंच. माझ्या घरचं तुला ठाऊक आहे. कुडाचं घर आहे. तुझ्या घरी काय म्हणतील ते मला ठाऊक नाही. म्हणून लिहिताना हक्काचं आधी आलं."

"हक्क कोणाकडे मागत होतास?"

 तिने वाकून चिखलातलं पेन उचललं, ओढणीच्या टोकाला पुसलं आणि त्याच्या खिशाला लावून दिलं.

"मी दहेजला नाही म्हणणार आहे," ती म्हणाली.

तो घाबरला. "माझ्यासाठी नको. वरची जागा आहे."

"तुझ्यासाठी नाही. मला इथलं काम पुरं करायचंय, ते आत्ता कुठे सुरू झालंय. जाणार होते ती तुझ्यामुळे. जो उत्तर देत नाही त्याच्या फायली रोज सकाळी उघडणं… मला जमलं नसतं."

अंकुश हसला. या वेळी त्याने मान खाली घातली नाही. साहेबांना सांगून येतो म्हणाला, चार पावलं गेला आणि परत फिरला.

"पण रविवार तर गेला."

"तळं काय रविवारीच भरतं?" भावना म्हणाली. "पाचला अजून सव्वा तास आहे. चल लवकर."