कपाळावरचे दोन भोवरे

वरात नत्थुजींच्या हॉटेलापाशी आली आणि तिथेच अडली. बँडवाले वाजवत राहिले, पोरं नाचत राहिली, नवरदेव घोडीवर बसून घाम पुसत राहिला. पण पार्वताबाई दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. बडनेऱ्यात पार्वताबाई आडव्या आल्या की मालगाडीसुद्धा थांबते, असं त्यांचे भाऊच म्हणत. भाऊ रेल्वेतून रिटायर झालेले, तेव्हा त्यांना माहीत असणार.

"या घोडीवरून नवरदेव आमच्या मांडवात येनार नाई," पार्वताबाई म्हणाल्या. "कपायावर दोन भोवरे हायेत तिच्या. पाहा, लाइटीत पाहा."

लोकांनी पाहिलं. घोडी उंच, तांबूस, नेहमीच्या वरातीच्या घोड्यांपेक्षा हातभर लांब पायांची. कपाळावरचे केस खरंच दोन ठिकाणी गोल फिरलेले होते, एकाखाली एक.

लग्न गीतांजलीचं, म्हणजे पार्वताबाईंच्या मुलीचं. आणि मांडवाच्या दाराशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती दामिनी — पार्वताबाईंची भाची, अकोल्यात जठारपेठेत जनावरांचा दवाखाना चालवणारी डॉक्टर. भोवरे हा शब्द कानावर पडला तशी तिची बोटं आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेली. कारण दोन भोवरे तिलाही होते. ती सहावीत असताना तेल लावता लावता याच आत्याने ते शोधून काढले होते आणि सगळ्या घराला ऐकवलं होतं, "पोरीचे दोन लग्न होतीन. पहिलं टिकनार नाई."

तेव्हा सगळे हसले होते. तीन वर्षांपूर्वी दामिनीचा साखरपुडा मोडला तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मुलाकडून निरोप आला — मुलीला दोन भोवरे आहेत, आमच्याकडे चालत नाही. सहा महिन्यांनी त्या मुलाने पुण्यातल्या एका मुलीशी लग्न केलं, जिच्याशी त्याचं चार वर्षांपासून जमलेलं होतं. पण तोवर नातेवाइकांत भोवरेच पक्के झाले होते. खरं कारण ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

नवरदेवाला शेवटी उतरवलं. वरात पायी पुढे सरकली आणि घोडी एकटी रस्त्याच्या कडेला उरली. तिचा लगाम धरलेला माणूस बुटका, काटक, तिशीचा. आपलाच अपमान झाल्यासारखा खाली मान घालून उभा. दामिनीने ताट कोणाच्या तरी हातात दिलं आणि शालू सावरत ती सरळ त्याच्याकडे गेली.

"हिचा मागचा डावा पाय दुखतोय," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "एवढ्या लोकायनं कपाय पाह्यलं हिचं. पाय कोनंच नाई पाह्यला."

"कपाळ आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं."

तो हसला, आणि हसल्यावर एकदम वेगळाच माणूस दिसला. "हे साधी घोडी नाई, डॉक्टरीणबाई. मुंबईची डर्बी धावलेली हाये."

"मग नवरदेव उतरला ते बरंच झालं. त्याला काही पेलली नसती."

"आनि पेलनारा?"

"पेलणारा लगाम धरून उभा आहे ना," दामिनी म्हणून गेली... आणि आपण हे काय बोललो म्हणून घाईघाईने खाली बसून घोडीचा खूर पाहू लागली. खुरात पू धरला होता. शालूला चिखल लागला तो लागलाच.

त्याचं नाव श्याम. घर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागेतलं. बाग मोठा भाऊ पाही, आणि श्याम सोळाव्या वर्षी अंगाने हलका आणि घोड्यांचा वेडा म्हणून मुंबईला जाऊन जॉकी झाला होता. घोडीचं कागदावरचं नाव जॉर्जियाना. बडनेऱ्यात येईतो तिची गिरजा झाली. पाच वर्षांपूर्वी श्यामने तिला डर्बीत पळवलं होतं आणि ती दुसरी आली होती. नाकाएवढ्या फरकाने. तेव्हापासून श्यामचंही नाव बदललं. नत्थुजी त्याला हॉटेलातून हाक मारत, "ए दुसऱ्या, चहा घे." तो निमूट जाऊन चहा घेई.

पौष लागला. लग्नं थांबली, गिरजाला आराम मिळाला, आणि दामिनीला दर रविवारी खुराची पट्टी बदलायचं काम. तशी ती दर शनिवारी अकोल्याहून गाडीने घरी येतच असे. पण पूर्वी रविवारी दहापर्यंत झोपणारी डॉक्टर आता सात वाजता स्टेशनामागच्या शेडमध्ये कोमट पाण्याची बादली घेऊन हजर होऊ लागली. जनावराच्या दुखण्याला सुट्टी नसते, असं तिने आईला सांगितलं. आईने मान डोलवली आणि जास्त काही विचारलं नाही, म्हणजे सगळं ओळखलं.

शेडमध्ये गवताचा आणि संत्र्याच्या सालींचा वास असे. श्याम संत्रं सोलून अर्धं गिरजाला देई, अर्धं दामिनीला. स्वतःला ठेवायचं विसरून जाई. ती खूर पाण्यात धरे, तो घोडीच्या मानेवर हात फिरवत बोले. डर्बीबद्दलच बोले. दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीच्या मैदानावर ही शर्यत होते, आपल्या आजोबांच्या काळापासून होते आहे, पुढेही होत राहील. पण घोड्याला ती एकदाच मिळते — चार वर्षांचा असताना. त्यानंतर तो कितीही पळो, डर्बी पुन्हा नाही.

"म्हणजे शर्यत दर वर्षी, आणि संधी एकच?" दामिनीने विचारलं.

"एकच. अडीच मिनिटाची."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो गिरजाकडे पाहत होता. अशा वेळी दामिनीला वाटे की या माणसाने एकदा तरी असंच आपल्याकडे पाहावं. आणि त्याने पाहिलं की मात्र तिला बादलीतच फार काम असे. एका रविवारी तिने त्याला आपल्या भोवऱ्यांचं सांगितलं, मोडलेल्या साखरपुड्याचंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. तिला ते गप्प राहणं आवडलं. ते कशाचं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ते कळलं. खूर कोरडा झाला होता, पट्टी शेवटची होती. श्यामने तिच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

"तुमाले एक सांगाचं हाये," तो म्हणाला. "गिरजा हारली नवती. शेवटचे शंभर मीटर राह्यले होते, आमी पुढं होतो. आनि म्या... मांगं पाह्यलं. एकच डाव, काखेखालून. हिची लय तुटली. दुसरा घोडा निघून गेला."

"का पाहिलं?"

"मले पाहाचं होतं, मुंबईचे सगळे घोडे शेंदूरजनाच्या पोराच्या मांगं कसे दिसते."

दामिनीला हसू येणार होतं. पण तो पुढे बोलला. मालकाला भोवरे आठवले, तो म्हणाला घोडीच अपशकुनी. ट्रेनरला शंका आली असावी, पण त्याने विचारलं नाही. श्यामही बोलला नाही. मालकाने घोडी काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा श्याम तिला घेऊन इकडे आला आणि वरातींना देऊ लागला. पण बोलला नाही. आणि दर वर्षी डर्बीच्या दिवशी नत्थुजींच्या हॉटेलात सगळे शर्यत पाहायला जमत, गिरजा कशी हरली ते सांग म्हणत, आणि तो सांगे. शेवटी उसासा टाकून भोवऱ्यांवर आणून सोडी.

"तुम्ही स्वतः सांगता?" दामिनीचा आवाज बारीक झाला होता. "त्या रात्री आत्यानं वरात अडवली... आत्याला घोडीचे भोवरे आधीच कसे माहीत होते?"

श्यामचा हात गिरजाच्या कपाळावर गेला. ते भोवरे सगळ्या गल्लीला पाठ होते, आणि पाठ त्यानेच करून घेतले होते.

राग आला की दामिनीची भाषा दवाखान्यातली राहत नसे. "माह्या बाबतीत बी एक जन असाच गप राह्यला होता," ती म्हणाली. "खरं काय ते त्याले माहीत होतं. पन माह्या डोक्यावरचे केस त्याले कामी पडले. तुमी काय वेगये हात? हे तं मुकी हाये बिचारी." तिने बादली उचलली. "पाय बरा झाला तिचा. आता डॉक्टर लागनार नाई."

तीळगूळ तिच्या मुठीतच राहिला होता. घरी पोचेपर्यंत तो वितळून हाताला चिकटला, आणि धुवायला नळाखाली हात धरला तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांनी एक माणूस आवडला होता, आणि तोही असाच निघावा याचं तिला फार वाईट वाटलं.

पुढचा रविवार तिने अकोल्यातच काढला. त्याच्या पुढचाही. फेब्रुवारीचा पहिला रविवार आला तेव्हा मात्र ती बडनेऱ्यात होती. आत्याने हरभरा सोलायला बोलावलं होतं, एवढंच कारण. आता आत्याचा ओटा नत्थुजींच्या हॉटेलाच्या बरोबर समोर येतो, त्याला कोण काय करणार?

हॉटेलात माणसं दाटीने बसली होती. टीव्हीवर शर्यत सुटली, घोंगावली आणि संपली. कोणता तरी काळा घोडा जिंकला. श्याम आत बसला नव्हता. तो बाहेर निंबाखाली गिरजाचा लगाम धरून उभा होता.

"चाल दुसऱ्या," नत्थुजी म्हणाले, "सांग आता. आपली गिरजा कशी हारली?"

दामिनीच्या हातातला हरभऱ्याचा घाटा तसाच राहिला. श्यामने समोरच्या ओट्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं की नाही, हे दामिनीला पुढेही कधी नीट कळलं नाही.

"गिरजा हारली नाई," तो म्हणाला. "म्या हरवलं तिले. जितत आलो होतो, आनि म्या मांगं पाह्यलं. भोवऱ्यायचा काई दोष नाई. पाच वर्षं म्या तुमाले खोटं सांगतलं. मुक्या जनावरावर ढकललं."

 मग बाकावरचा कोणी तरी हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. नत्थुजींनी टीव्ही बंद केला. त्यांनी पाच वर्षं हीच गोष्ट गिऱ्हाइकांना आपली म्हणून सांगितली होती. "दुसरा तं दुसरा," ते म्हणाले, "लबाड बी निंगाला." आणि आज पहिल्यांदाच त्यांनी श्यामला चहा विचारला नाही.

ओट्यावर पार्वताबाई बराच वेळ हरभऱ्याकडे पाहत होत्या. "काई म्हना, भोवरे ते भोवरेच," त्या म्हणाल्या. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "घोडी देखनी हाये पन."

दामिनी तोवर रस्ता ओलांडून गेली होती. श्यामच्या समोर ती उभी राहिली. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि तिला त्या क्षणी तो इतका आवडला की काही तरी बोलणं भागच होतं.

"एक नियम विचारायचा होता," ती म्हणाली. "घोडा शर्यतीच्या गेटात उभा राहिला, आणि गेट उघडायच्या आधीच त्याला बाहेर काढला... तर तो धावला असं धरतात?"

श्यामला कळायला थोडा वेळ लागला. "नाई," तो सावकाश म्हणाला. "नाव काढून टाकते त्याचं."

"मग माझा साखरपुडाही धरायचा नाही. म्हणजे माझं पहिलं अजून व्हायचंय. आणि आत्या म्हणते, पहिलं टिकणार नाही."

"तुमी मानता हे?"

"दिवसा नाही मानत," दामिनी म्हणाली. "अंथरुणावर पडलं की मानते."

तिचा स्वर थट्टेचा होता, डोळे नव्हते. श्यामने तिच्याकडे पाहिलं — आजवर नुसतं गिरजाकडे पाहत आला तसं — आणि यावेळी तिच्याजवळ लपायला बादली नव्हती.

"मंग धरा," तो म्हणाला. "नियम गेला खड्ड्यात. तो धावला असं धरा. तो पहिला होता, तो गेला. मी... दुसरा."

"चालेल तुम्हाला? दुसरा?"

"पाच वर्षं लोकं मले दुसरा म्हनून राह्यले. लय लागे जिवाले." तो थांबला. "आज नाई लागून राह्यलं."

त्याने गिरजाला वळवलं आणि शेडच्या वाटेला लावलं. दामिनी दोन पावलं मागे राहिली, चपलेचा पट्टा नीट करत. पट्ट्याला काही झालं नव्हतं. तिला पाहायचं होतं, तो वळून बघतो का. तो बघेना. हॉटेल मागे पडलं, आत्याचा ओटा मागे पडला, तरी बघेना.

"मागे पाहणार नाही का?" तिने शेवटी विचारलं.

"नाई. एक डाव पाह्यलं होतं."

"मग मी येतेय की नाही, कसं कळणार?"

श्याम थांबला. मान न वळवता त्याने मोकळा हात बाजूला धरला. "मांगं कावून राहता?" तो म्हणाला. "बाजूले या ना. इथं जागा हाये."

दामिनी चार पावलं पळाली आणि त्याच्या बरोबरीला आली. आता तिच्याकडे पाहायला मागे वळायची गरज नव्हती. गिरजा दोघांच्या चालीने, हळूहळू चालू लागली.